दसऱ्याची गाडी

"आज किती झाले व?"

बाबांनी ओट्यावरूनच विचारलं. दसऱ्याची सकाळ होती. गल्लीतल्या सगळ्या दारांना झेंडूची तोरणं लागली होती, आमचं दार तेवढं बोडकं होतं. माझ्या धाकट्या भावाला, दिगूला, जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. त्या वर्षी आमच्याकडे सण नव्हता. मी दिगूचा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते.

"तीन हजार चारशे अठरा," मी म्हटलं.

"काल?"

"चारशे सोळा."

"म्हणजे दोन." बाबा म्हणाले. "आन दिवस किती राह्यले?"

"अकरा."

दहा हजार लागणार होते. बाबा मूर्तिजापूरच्या रेल्वे शेडमध्ये तीस वर्षं फिटर होते. ही वजाबाकी त्यांना माझ्याआधीच जमली असणार. तरी ते म्हणाले, "होइन, होइन. सणावाराचे दिवस हायेत, लोकाईले फुरसत कुठी असते?" आणि उठून आत गेले.

दिगू गावातल्या फ्लेक्सच्या दुकानात कामाला होता. एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या बॅनरवर ऐंशी डोकी ओळीने बसवायची आणि कोणाचं डोकं कोणापेक्षा लहान झालं म्हणून शिव्या खायच्या, हे त्याचं काम. आई गेली तेव्हा तो सहावीत होता आणि मी कॉलेजात. तेव्हापासून त्याचा डबा, त्याच्या वह्या, त्याची भांडणं, सगळं माझ्याकडे आलं ते शेवटपर्यंत माझ्याकडेच राहिलं. दुकानातून घरी आला की तो कॉम्प्युटरवर गाड्या बांधायचा. प्लॅस्टिकचे एकमेकांत बसणारे छोटे ठोकळे असतात ना, त्यांच्या. परदेशातल्या एका खेळण्यांच्या कंपनीची वेबसाइट होती. तिथे कोणीही आपली कल्पना मांडायची, लोकांनी ती पाहून पाठिंबा द्यायचा. वर्षभरात दहा हजार पाठिंबे जमले तर ते खेळणं बनवायचं की नाही याचा कंपनी विचार करणार. बनवलं तर खोक्यावर करणाऱ्याचं नाव. बाबा त्या पाठिंब्यांना वोट म्हणत.

तीन वर्षांपूर्वी त्या साइटवर सणाच्या गाड्यांचं पेव फुटलं होतं. सगळ्या नाताळच्या, सगळ्या बर्फातल्या.

"ताई, हे सगळे बर्फात अडकले," दिगू म्हणाला होता. "आपून झेंडूतली गाडी करू."

आमच्याकडच्या छोट्या लाइनवर चौऱ्याण्णव सालापर्यंत वाफेचं इंजिन होतं. खंडेनवमीला शेडमध्ये पाने-हातोड्यांची पूजा व्हायची आणि दसऱ्याच्या सकाळी सजलेलं इंजिन गाडीला लागायचं. पुढच्या दिव्याभोवती झेंडूची माळ, दोन्ही बाजूंना ऊस, बॉयलरवर हळदीकुंकवाची बोटं. दिगूने ते बाबांच्या खांद्यावर बसून पाहिलं होतं. तेच त्याने ठोकळ्यांत बांधलं. सगळी गाडी फक्त कॉम्प्युटरवर होती. इंजिन मात्र त्याने दोन वर्षं एकेक तुकडा मागवून खरंखुरं केलं होतं. झेंडूची फुलं म्हणजे वाटाण्याएवढे नारिंगी तुकडे, एकशे सेहेचाळीस. आणि पुढच्या चाकासमोर, रुळावर, एकच पिवळा तुकडा. ते लिंबू.

त्या दिवशी दहाच्या सुमाराला हुसेनचाचा आले. ते त्या इंजिनाचे ड्रायव्हर. बाबा त्यांना डायवरसाहेब म्हणत, ते बाबांना मिस्त्री. दरवर्षी दसऱ्याला ते आपट्याची पानं घेऊन यायचे आणि बाबांना आधी मिठी मारून मग पानं द्यायचे. त्या वर्षी हात रिकामे होते. दुखवट्याच्या घरी सोनं द्यायचं नसतं हे त्यांना सांगावं लागलं नाही. ते बसले, चहा प्यायले, मग खिशातून एक खरं लिंबू काढून त्यांनी टीव्हीच्या कपाटावर, दिगूच्या इंजिनाजवळ ठेवलं.

"हे तं चालते नं, मिस्त्री?"

"चालते," बाबा म्हणाले. "पण डायवरसाहेब, त्याचं लिंबू हाये तिथी. दिसून नाई राहिलं का?"

चाचांनी चष्मा वर करून वाकून पाहिलं. "एवढुसं? एवढ्याशा लिंबानं कोनती गाडी निघते?"

"गाडी केवढुशी हाये ते तं पाहा."

दोघेही हसले. दिगू गेल्यापासून बाबांना मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं. मग चाचा म्हणाले, "अन वोट?" आणि बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी आकडा सांगितला.  जाताना त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला, बराच वेळ.

ते गेल्यावर बाबा म्हणाले, "माय, तू त्या लोकाईले काहीतरी लिही नं. तुले इंग्रजी येते. दिगू लिहत जाय तसं."

दिगूचं सगळं इंग्रजी माझंच होतं. मी शाळेत इंग्रजी शिकवते. तो मराठीत सांगायचा, मी लिहायचे. तीन वर्षांपासून त्याच्या किडन्या थकत चालल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिसला जावं लागायचं. ते चार तास आम्ही साइटवरच्या लोकांना उत्तरं देण्यात घालवायचो. फेब्रुवारीत एकाने विचारलं होतं: गाडी सुंदर आहे, पण रुळावर तो पिवळा गोळा कसला? चुकून राहून गेला का?

दिगू इतका हसला की नर्सबाई रागावल्या. "लिही ताई, चाकाखाली लिंबू चिरडल्याशिवाय आमची गाडी निघत नाई. अन आमची गाडी अजून निघाची हाये, म्हणून लिंबू आख्खं हाये."

मी लिहिलं. ते लिहून होतंय तोच तो म्हणाला, "अन एक लक्षात ठेवजो. माह्या तब्येतीचं एक अक्षर तिथी लिहाचं नाई."

"कामून?"

"कामून म्हणजे? लोक मंग गाडी नाई पाहत. पेशंट पाहतात. गाडी निघाली तं आपल्या वाफेवर निघाली पाह्यजे. मागून ढकललेली मले नको." त्याचा एक हात मशीनला जोडलेला होता. दुसऱ्या हाताने त्याने माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "म्हण."

"वेडा झाला का?"

"म्हण नं."

मी म्हटलं. त्याचे केस तेव्हा विरळ झाले होते आणि टाळू गरम लागत होती.

तर दसऱ्याच्या दिवशी मी बाबांच्या सांगण्यावरून लिहिलं. गाडीबद्दलच लिहिलं. हे डबे किती, ही फुलं किती, हा सण कोणता. दुसऱ्या दिवशी पाच वोट आले. तिसऱ्या दिवशी तीन. पुढे पुन्हा पाच. त्याच आठवड्यातल्या शनिवारी सकाळी आकडा होता तीन हजार चारशे एकतीस आणि सात दिवस राहिले होते.

त्या शनिवारी बाबा दाढीच्या जुन्या ब्रशने इंजिनावरची धूळ काढत होते. एकेका झेंडूच्या मधून ब्रश फिरवत होते. आकडा त्यांनी विचारला, ऐकला, आणि ब्रश झटकत म्हणाले, "माय, त्या खोक्यावर नाव कसं लिहतीन? दिगंबर पुरं लिहतीन का नुसतं डी. व्ही. गावंडे?"

"पुरं लिहितील," मी म्हटलं.

"पुरं लिहा म्हणावं. डी. व्ही. म्हणलं तं कोनीही असू शकते."

मी स्वयंपाकघरात गेले. भाजी चिरायला घेतली आणि तशीच ठेवली. मला रडायला येत नव्हतं, राग येत होता. कोणाचा ते कळत नव्हतं. त्या बर्फातल्या गाड्यांचा असेल. एकीला बावीस हजार वोट होते. शपथ मोडली तर ज्याच्या डोक्याची घेतली त्याचं वाईट होतं, असं आमच्याकडे मानतात, आणि मी एवढी शिकलेली बाई, पण मी खरोखर बसून हा हिशेब केला. ज्या डोक्यावर हात ठेवला होता ते डोकं आम्ही ऑगस्टमध्ये स्वतःच्या हातांनी जाळून आलो होतो. आता त्याचं वाईट व्हायला काय उरलं होतं?

मी लॅपटॉप स्वयंपाकघरात आणला आणि ओट्याला टेकून उभ्याउभ्याच लिहिलं. ही गाडी ज्याने केली तो माझा भाऊ होता. तो एकोणतीस वर्षांचा होता. तो एकोणीस ऑगस्टला गेला. त्याने सांगू नका म्हटलं होतं. चारच वाक्यं. आणि त्याचा एक फोटो लावला. इंजिन तळहातावर घेतलेला, हसरा, आजारी न वाटणारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच हजार दोनशे होते.

"किती?" बाबांनी ओट्यावरून मान वळवून विचारलं.

मी पुन्हा सांगितलं.

"एका दिवसात?"

मला वाटलं होतं, काहीतरी सांगून वेळ मारून नेईन. पण बाबा माझ्याकडे बघत होते. फिटर माणूस. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला नट ढिला ते सांगायचे.

"मी लिहिलं, बाबा. दिगू गेला म्हणून लिहिलं."

शपथेचं मी बोलले नाही.

 बाबा समोरच्या तोरणाकडे बघत बसले. ते तोरण आता सुकलं होतं. मग म्हणाले, "लोक चांगले हायेत."

"हो."

"काय म्हणतात?"

मी खाली खाली वाचत गेले. दोनशेच्या वर लोकांनी लिहिलं होतं. तुमच्या दुःखात सहभागी आहोत. तुमचा भाऊ आता चांगल्या जागी असेल. माझीही बहीण अशीच गेली. हृदयं, मेणबत्त्या, जोडलेले हात. "वाईट वाटलं म्हणतात. सगळ्यांना फार वाईट वाटलं."

"ते झालं," बाबा म्हणाले. "गाडीबद्दल कोनी काही लिहलं का?"

मी पुन्हा वरपासून बघायला लागले. खरंच बघत होते. बाबा वाट पाहत होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, नोकरीच्या काळात साहेबासमोर बसावं तसे. दोनशे जणांत एकानेही गाडीचं नाव काढलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "एक नॉर्वेचा माणूस आहे. पोस्टमन आहे. तो म्हणतो की चाकांना जोडणारा तो दांडा फार बारकाईने केलाय."

मी हे का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. नॉर्वे कुठून आलं, पोस्टमन कुठून आला.

बाबांचा चेहरा एकदम बदलला. "कनेक्टिंग रॉड! त्यानं रॉड पाह्यला?"

"हो. फिरताना खरा वाटेल म्हणतो."

"मंग! चार वेळा बदलला त्यानं तो. मीच म्हणत होतो, पिन थोडी वर घे, वर घे. आयकेच ना." ते उठले. "आलोच," म्हणून त्यांच्या खोलीत गेले आणि थोड्या वेळाने हात झटकत बाहेर आले. "अजून कोनी?"

"नाही. आज एवढंच."

"असू दे. रोज पाहत जाजो. फक्त गाडीबद्दलचं वाचजो, बाकीचं राहू दे."

त्या दिवसापासून ते मला सकाळी आकडा विचारेनासे झाले. माझ्या लक्षात आलं, पण मी म्हटलं, आता आकड्याची काळजी उरली नाही म्हणून असेल. सोमवारी सात हजार पार झाले. मीच त्यांना ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "बरं. अन गाडीचं?"

मग मी रोज सांगत गेले. कॅनडाच्या एका बाईला झेंडूची माळ आवडली. तिने मोजलीसुद्धा, एकशे सेहेचाळीस भरली. जपानमधल्या एका निवृत्त गार्डने विचारलं, शेवटच्या डब्याचा लाल दिवा मुद्दाम डावीकडे आहे का? "मुद्दाम!" बाबा मांडीवर थाप मारून म्हणाले. "आपल्या लाइनीवर डावीकडेच होता. पाह्य, गार्ड माणूस कुठंचाही असो, त्याले बराबर दिसते." मला त्या जपानी गार्डचं कौतुक वाटायला लागलं. मी शाळेतून येताना रस्त्यात विचार करत यायचे, आज कोण असावं, काय म्हणावं. सातवीच्या मुलींचे निबंध तपासताना मध्येच एखादा माणूस सुचायचा. खोटं बोलण्यात मला इतकी गती असेल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मी सुखी होते. दिगूच्या गाडीबद्दल घरात बोलणं चाललं होतं. तो आत कॉम्प्युटरवर बसलाय आणि आम्ही बाहेर त्याच्या गाडीला नावं ठेवतोय, तसं.

बुधवारी दहा हजार झाले. मी शाळेतून धावत घरी आले तर हुसेनचाचा बसले होते. मी दारातूनच आकडा सांगितला. चाचांनी दोन्ही हात वर केले आणि नंतर तेच हात चेहऱ्यावरून फिरवले. बाबा म्हणाले, "झालं बाप्पा," आणि चष्मा काढून पुसला.

"आता बनवतीन?" चाचांनी विचारलं.

"आता कंपनी ठरवेल. चार महिने लागतात," मी म्हटलं.

"बनवतीन. एवढे लोक म्हणून राहिले तं बनवतीन." मग चाचांनी थोडं पुढे झुकून, लाजत विचारलं, "बेटा, त्या लिंबाबद्दल कोनी काही म्हणलं का?"

आकडा दाखवायला मी लॅपटॉप उघडला होता आणि पडद्यावर सहाशे माणसं शोक करत होती. मी पडदा थोडा स्वतःकडे वळवून घेतला.

"म्हटलं ना. स्कॉटलंडच्या एका म्हातारीनं लिहिलंय. तिचा नवरा इंजिन ड्रायव्हर होता. ती म्हणते, हे लिंबू कोणत्या ड्रायव्हरनं ठेवलं असेल त्याला माझा नमस्कार सांगा."

चाचांनी कपाटावरच्या त्या लिंबाकडे पाहिलं. मग बाबांना म्हणाले, "आयकलं का मिस्त्री? एवढुशा लिंबावरून वळखलं तिनं." बाबा हसत उठले आणि त्यांच्या खोलीत जाऊन आले.

शनिवारी मुदत संपली तेव्हा अकरा हजार दोनशे चाळीस झाले होते. त्या दिवशी मी तीन माणसं केली, शेवटची म्हणून. त्यांतल्या एकाने फक्त एवढंच म्हटलं की ही गाडी मला माझ्या घरी हवी आहे. बाबांनी ते दोनदा म्हणायला लावलं.

कंपनीचं पत्र फेब्रुवारीत आलं. फार सभ्य पत्र होतं. त्या खेपेला पुष्कळ कल्पना होत्या, त्यांतल्या दोन निवडल्या, आमची त्यांत नव्हती. आमच्या दुःखाबद्दल त्यांनीही एक ओळ लिहिली होती. गाडीबद्दल एकही नव्हती.

मी दोन दिवस ते स्वतःजवळ ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी जेवताना सांगून टाकलं. बाबांनी घास खाली ठेवला नाही. खाल्ला, पाणी प्यायले.

"असू दे माय," ते म्हणाले. "साडेतीन हजार लोकाईले आवडली. कमी हाये का?"

"अकरा हजार, बाबा."

"हो, हो. अकरा." ते हसल्यासारखे झाले आणि माझ्या ताटात भाजी वाढायला लागले. मला वाटलं, वय झालं, आकडे विसरतात.

त्यानंतर ते चार वर्षं होते. इंजिन टीव्हीच्या कपाटावरच राहिलं. दर दसऱ्याला हुसेनचाचा सोनं घेऊन यायचे, एक लिंबू इंजिनाजवळ ठेवायचे, आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत ते सुकून काळं, टणक होऊन तिथेच पडून असायचं. आणि दरवर्षी बोलता बोलता त्या स्कॉटलंडच्या म्हातारीचा विषय निघायचाच. चाचांच्या सुनांनाही ती म्हातारी माहीत झाली होती. बाबांच्या आधी वर्षभर चाचा गेले, तेव्हा मी मनात म्हटलं, बरं झालं, आपण तेवढं एक तरी चांगलं खोटं बोललो.

बाबा गेल्यावर वर्षभराने मी त्यांच्या खोलीला रंग द्यायचा ठरवला. खोलीच्या दाराला आतून एका खुंटीवर त्यांचा रेल्वेचा जाड निळा कोट टांगलेला असे. निवृत्त झाल्यापासून त्याला बाबांशिवाय कोणी हात लावला नव्हता. शेडमधली सवय म्हणून बाबा काहीही लक्षात ठेवायचं झालं की खडूने लिहायचे. सिलिंडरची तारीख, डोळ्याच्या थेंबांची वेळ, सगळं त्या दारावर. मी कोट काढला तर त्याच्याखाली, जिथे कोणाचा हात लागायचा नाही अशा जागी, खडूची एक लांब यादी होती.

पहिले नुसते आकडे होते. ३४१६. ३४१८. पुढे २३, २६. मग ३४३१.

मला आधी कळलंच नाही. मी पुढे पाच हजार दोनशे शोधत होते. सात हजार शोधत होते. ते कुठेच नव्हते. ३४३१ च्या खाली एक आडवी रेघ होती, आणि रेघेखाली बाबांच्या त्या ठाशीव, कारखान्यातल्या अक्षरात:

३४३२. नार्वे पोस्टमन. रॉड.
३४३३. कॅनडा बाई. झेंडू मोजला.
३४३४. जपान गार्ड. लाल दिवा.

मी खाली बसले. यादी गुडघ्यापर्यंत आली होती. लिंबूवाली म्हातारी होती, तिच्यापुढे 'हुसेनभाई' असं लिहून कंस केला होता. डब्यांच्या रंगाबद्दल बोललेला शिक्षक होता. उसाची पेरं ओळखणारा होता. त्यातले काही मी विसरूनही गेले होते. शेवटचा आकडा ३४४७ आणि त्यापुढे, 'घरी पाहिजे म्हणला'.

म्हणजे दिगू गेला म्हणून ज्यांनी वोट दिले, ते बाबांनी पहिल्याच दिवशी बाजूला काढले होते. एक शब्द न बोलता, मला न दुखवता. गाडी आपल्या वाफेवर निघाली पाहिजे, हे दिगू कोणाकडून शिकला होता ते मला त्या दिवशी कळलं. बाबांनी ढकललेले सगळे सोडून दिले आणि फक्त ज्यांनी गाडी पाहिली तेवढे मोजले. खरे तेवढे. पहिल्या दिवशी एक, मग रोज दोन-तीन. सगळे मिळून सोळा.

शपथ मोडली त्याबद्दल मी दिगूची मनातल्या मनात पुष्कळदा माफी मागितली आहे, आणि तो मला रागावला नसता हेही मला माहीत आहे. पण बाबांना मी काय सांगू? जवळजवळ आठ हजारांतून निवडून, पारखून त्यांनी जे सोळा जण जवळ ठेवले होते, त्यांतला एकही कुठे नव्हता. सोळाही मीच होते.

रंगवाला बाहेरून विचारत होता, दार घासून घ्यायचं का. मी म्हटलं, दार राहू द्या, भिंतीच तेवढ्या करा. मग कोट झटकला आणि होता तसा खुंटीवर परत टांगला.